बाटलीवरचं नाव, मैदानातलं गाव : हिनेब्राविषयी वाचकांचे प्रश्न

फिलिपिन्सच्या पीबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या बारांगाय हिनेब्रा सान मिगेल या संघाबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकच गोष्ट अनेकांनी विचारली असेल, तिथे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : संघाचं नाव ‘जिनेब्रा’ की ‘गिनेब्रा’? त्याचा अर्थ काय? संघाच्या नावात गावाचं किंवा शहराचं नाव का नाही? (कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही नाही, हिनेब्रा. स्पॅनिशमध्ये ‘जी’ या अक्षरापुढे ‘इ’ किंवा ‘ए’ आला की त्याचा घशातून ‘ह’ होतो. स्पॅनिश राजवट जाऊन सव्वाशे वर्षं झाली, तरी फिलिपिनो माणसाने हा उच्चार सोडलेला नाही. मनिलात ‘जिनेब्रा’ म्हणालात तर लोक हसणार नाहीत, पण तुम्ही बाहेरचे आहात हे कळेल.

हिनेब्रा म्हणजे जिन, प्यायची. ‘हिनेब्रा सान मिगेल’ हा तिथला जुना आणि सर्वसामान्यांच्या खिशाला परवडणारा ब्रँड. ज्या भट्टीतून तो निघाला ती मनिलात १८३४ साली सुरू झाली. बाटलीवरच्या चित्रात देवदूत मायकेल तलवार उगारून सैतानाला पायाखाली तुडवतो आहे. हे चित्र फर्नांदो आमोर्सोलो यांनी तरुणपणी काढलेलं, आणि पुढे हेच आमोर्सोलो देशाचे नामवंत चित्रकार झाले. गंमत म्हणजे चित्रात देवदूत जिंकतोय, पण पिणाऱ्यांनी बाटलीला नाव दिलं ते सैतानाचं : ‘मार्का देमोन्यो’.

बारांगाय म्हणजे फिलिपिन्समधला स्थानिक कारभाराचा सगळ्यात लहान घटक. खेड्यात असेल तर आपली ग्रामपंचायत समजा, शहरात असेल तर वॉर्ड. संघाचे चाहतेही स्वतःला ‘बारांगाय’च म्हणवतात. म्हणजे नावाचा सरळ अर्थ ‘जिनवाल्यांचं गाव’.

शहराचं नाव नसण्याचं कारण साधं आहे. पीबीए १९७५ साली उभी राहिली ती कंपन्यांच्या संघांवर. मुंबईकरांना हे नवीन वाटायला नको. टाइम्स शिल्ड क्रिकेटमध्ये मफतलाल, निर्लॉन, टाटा खेळत, आणि व्यावसायिक गटाच्या कबड्डीत महिंद्रा आणि भारत पेट्रोलियम. तीच पद्धत तिथे प्रमुख लीगमध्ये टिकली. बहुतेक सामने मनिला महानगरातल्या दोन-तीन सभागृहांतच होतात, त्यामुळे घरचं मैदान असा प्रकारच नाही. सामना कोणाच्याही विरुद्ध आणि कुठेही असला तरी प्रेक्षागृहात मोठा घोळका हिनेब्राचाच असतो.

प्रश्न : मी जुने निकाल वहीत उतरवून घेतो आहे. १९८८ आणि १९९७ च्या विजेत्यांत हिनेब्रा दिसत नाही, पण त्या दोन्ही वर्षी संघ जिंकला असं वाचलं. खरं काय? (पुणे)

उत्तर : जिंकला होता, पण वेगळ्या नावाने. नोंदी करताना सगळे अडखळतात ते इथेच.

कंपनीला त्या वर्षी जी बाटली खपवायची असेल तिचं नाव संघाला मिळे. ला तोंदेन्या या मद्य कंपनीने १९७९ साली संघ उतरवला तो ‘गिल्बीज जिन’ या नावाने. १९८५ ला ‘हिनेब्रा सान मिगेल’ झाला. १९८८ चं ‘ऑल-फिलिपिनो’ या स्पर्धेचं विजेतेपद ‘अन्येहो रम ६५’ या नावावर आहे, १९९१ चं पुन्हा ‘हिनेब्रा’वर. १९९४ मध्ये ‘तोंदेन्या ६५ रम’. १९९७ चा कमिशनर्स कप ‘गॉर्डन्स जिन’ने जिंकला. १९९९ पासून ‘बारांगाय हिनेब्रा’. वहीत पहिला रकाना कंपनीचा ठेवा आणि दुसरा त्या स्पर्धेतल्या नावाचा. उलट केलंत तर एकाच संघाचे सहा संघ होतील.

दुसरी चूक याहून मोठी : दोन ‘सान मिगेल’ एकच समजणं. ‘सान मिगेल बिअरमेन’ हा निराळा संघ आहे, १९७५ च्या मूळ संघांपैकी आज टिकलेला तो एकटाच. ला तोंदेन्या १९८७ मध्ये सान मिगेल समूहाकडे गेली, तेव्हापासून दोघांचा मालक एक आहे. पुढे प्युअरफूड्स कंपनीही याच समूहाने घेतली, म्हणून आज मॅग्नोलिया नावाने खेळणारा तो संघही त्यांचाच. एका मालकाचे तीन संघ एकाच लीगमध्ये, यावर फिलिपिन्समध्ये सतत कुरकुर असते आणि ती अगदीच निराधार नाही. समोरच्या बाजूला मेराल्को, टीएनटी आणि एनलेक्स हे तीन संघ मान्युएल पांगिलिनान यांच्या समूहाचे. वाद दोन्हीकडून सारखाच होतो.

तिसरी गोष्ट : टोयोटा संघाची नऊ विजेतेपदं हिनेब्राच्या खात्यात धरू नका. माणसं तिकडून आली, संघ नाही.

प्रश्न : रॉबर्ट जावॉर्स्की यांच्याविषयी सविस्तर लिहा. पोलिश आडनावाचा माणूस फिलिपिन्सचा एवढा लाडका कसा? (नाशिक, ठाणे, मडगाव)

उत्तर : वडील पोलिश वंशाचे अमेरिकन, आई फिलिपिनो, जन्म ८ मार्च १९४६. पीबीएच्या पहिल्या मोसमापासून ते टोयोटाकडून खेळत. टोयोटा विरुद्ध क्रिस्पा ही त्या काळातली लढत अशी होती की घराघरांत दोन तट पडत.

१९८३ चा मोसम संपल्यावर टोयोटाने संघ बंद केला आणि खेळाडूंसकट हक्क एका बिअर कंपनीला दिले. जावॉर्स्की आणि फ्रान्सिस अर्नाइज यांनी तिकडे जायला नकार दिला. रामोन फर्नांदेस हा टोयोटाचा उंच, अतिशय हुशार खेळाडू मात्र गेला. तिथून जावॉर्स्की आणि फर्नांदेस यांनी अबोला धरला तो काही वर्षं टिकला. जावॉर्स्की आणि अर्नाइज १९८४ मध्ये गिल्बीज जिनकडे आले. तोवर या संघाने एकही विजेतेपद जिंकलेलं नव्हतं. टोयोटाचे अनाथ झालेले प्रेक्षक जावॉर्स्कींच्या मागोमाग आले. हिनेब्राच्या गर्दीचं मूळ इथे आहे, एकही विजेतेपद मिळण्याच्या दोन वर्षं आधी. संघाचा इतिहास समजून घ्यायचा तर क्रम असाच लक्षात ठेवावा लागतो : आधी गर्दी, मग करंडक.

१९८५ पासून ते खेळाडू-प्रशिक्षक झाले. म्हणजे टाइमआउटमध्ये फळ्यावर डाव काढायचा आणि शिट्टी वाजली की स्वतःच मैदानात उतरून तो खेळायचा. या पद्धतीत हटकून एक घोळ होतो. प्रशिक्षक मैदानात असताना कोण दमलाय, कोणाचे फाउल भरत आलेत, हे बाहेरून बघायला कोणी उरत नाही. त्यामुळे बाकावरचा सहायक तयारीचा लागतो. जावॉर्स्की स्वतः थोडी मिनिटं खेळत, पण नेमकी वेळ निवडून. सामना हातातून निसटतोय असं दिसलं की प्रेक्षागृहातून त्यांच्या नावाचा गजर सुरू होई, आणि ते उठून जर्सीवरचं जॅकेट काढू लागले की अर्धं काम तिथेच होई. सात नंबरची ती जर्सी पन्नासाव्या वर्षापर्यंत मैदानात दिसत होती. १९९८ मध्ये ते सिनेटवर निवडून गेले आणि प्रशिक्षकपदही सुटलं. संघाने २०१२ मध्ये सात नंबर कायमचा निवृत्त केला.

फर्नांदेसशी समेट झाला तो १९८९ च्या ऑल-स्टार सामन्यात, जुने विरुद्ध नवे. गुण बरोबरीत, शेवटचे काही सेकंद, बाहेरून चेंडू आत द्यायला उभे जावॉर्स्की. त्यांनी तो दिला फर्नांदेसकडे, आणि फर्नांदेसने उगवत्या बेंजी पारासवरून बास्केट केलं. सामना संपल्यावर प्रशिक्षक बेबी दालुपान यांनी दोघांना मैदानाच्या मध्यावर आणून हात मिळवायला लावले. फिलिपिन्समधल्या पन्नाशीपुढच्या माणसाला त्या दिवसाविषयी विचारा, तो कुठे बसून बघत होता हेसुद्धा सांगेल.

प्रश्न : ‘नेव्हर से डाय’ ही त्यांची घोषणा जाहिरातवाल्यांची की खरी? (सोलापूर)

उत्तर : आता ती जाहिरातवाल्यांची झाली आहे. सुरुवात खरी होती.

२२ ऑक्टोबर १९८५. समोर प्रशिक्षक रॉन जेकब्स यांचा एनसीसी हा सिमेंट कंपनीचा कसलेला संघ. जेफ मूर या अमेरिकन खेळाडूचं कोपर जावॉर्स्कींच्या तोंडावर बसलं आणि ओठ फाटला. त्यांना रुग्णालयात नेलं आणि नऊ टाके घातले. तेवढ्या वेळात हिनेब्रा पंधरा गुणांपर्यंत मागे पडला. चौथ्या क्वार्टरमध्ये ओठावर पट्टी लावलेले जावॉर्स्की परत आले. आधी बाकावर बसले, मग मैदानात उतरले. त्यांनी फार गुण केले असं नाही, पण बाकीचे चौघे एकदम वेगळेच खेळायला लागले आणि सामना हिनेब्राने काढला. 

पुढे दोनदा या घोषणेचा कस लागला. १९९१ च्या फर्स्ट कॉन्फरन्सच्या (मोसमातल्या पहिल्या स्पर्धेच्या) अंतिम फेरीत शेलने सातपैकी तीन सामने जिंकून ३-१ अशी आघाडी घेतली होती. हिनेब्राने उरलेले तिन्ही घेतले. सातव्या सामन्यात १०२-१०२ अशी बरोबरी असताना रुडी दिस्त्रितो आत घुसला आणि जेमतेम एक सेकंद उरला असताना त्याने चेंडू टाकला. १०४-१०२. ३-१ च्या पिछाडीवरून अंतिम फेरी जिंकल्याचं पीबीएत हे पहिलंच उदाहरण.

दुसरा प्रसंग १९९९ चा. तेव्हा पहिल्या क्रमांकाच्या संघाला आठव्याशी खेळताना ‘ट्वाइस-टू-बीट’ सवलत असे : वरच्याने दोनपैकी एक जिंकला तरी पुढे, खालच्याला मात्र लागोपाठ दोन्ही जिंकावे लागत. आठव्या क्रमांकावरच्या हिनेब्राने अव्वल मोबिलाइनला दोनदा हरवलं, आणि दुसऱ्या सामन्यातला निर्णायक फटका होता ठेंगण्या बाल डेव्हिडचा, अगदी शेवटच्या क्षणी.

प्रश्न : मग १९९० मध्ये हाच संघ अंतिम सामना अर्धवट सोडून का गेला? (पुणे)

उत्तर : पंचांवर राग, एवढंच कारण. शेलविरुद्धच्या अंतिम मालिकेत सहावा सामना, संघाचं नाव तेव्हा अन्येहो. फाउल एकतर्फी दिले जात आहेत असं म्हणून दुसऱ्या क्वार्टरमध्येच जावॉर्स्कींनी संघ बाहेर काढला, तो परत आलाच नाही. नियमाप्रमाणे सामना शेलला बहाल झाला आणि त्यासोबत विजेतेपदही. वर दंड बसला. कट्टर चाहते आजही पंचांनाच दोष देतात. आमच्या मते चूक संघाची होती. निषेध लेखी नोंदवून खेळत राहण्याची सोय होती. न मरण्याची घोषणा देणाऱ्यांनी मध्यंतराआधी घरी जावं, हे काही शोभलं नाही. १९९१ च्या त्या पुनरागमनाला एवढी धार आहे ती समोर पुन्हा शेलच होता म्हणून.

प्रश्न : ‘इम्पोर्ट’ म्हणजे काय? जस्टिन ब्राउनलीचा २०१६ चा फटका एवढा का गाजतो? (छत्रपती संभाजीनगर, दुबई)

उत्तर : पीबीएच्या मोसमात साधारणपणे तीन स्वतंत्र स्पर्धा असतात. फिलिपिन कपमध्ये परदेशी खेळाडू चालत नाही. कमिशनर्स आणि गव्हर्नर्स कपमध्ये प्रत्येक संघ एक परदेशी घेतो, तोच इम्पोर्ट. त्याच्या उंचीला कमाल मर्यादा असते. गव्हर्नर्स कपमध्ये ती कमी, २०१६ ला ६ फूट ५ इंच होती. कमिशनर्स कपमध्ये जास्त. माप लीग स्वतः घेते. अमेरिकन संकेतस्थळांवरची उंची अनेकदा बुटांसकट दिलेली असते, म्हणून कागदावर न बसणारा माणूस प्रत्यक्षात बसतो आणि कधी उलटही होतं.

सगळे डाव इम्पोर्टभोवती फिरतात, तो खेळतो ती मिनिटंही चाळीसच्या आसपास. त्यामुळे निवड चुकली की आख्खी स्पर्धा गेली. हिनेब्राला १९८६ चं पहिलं विजेतेपद मिळालं ते बिली रे बेट्स आणि मायकेल हॅकेट यांच्यामुळे. त्या स्पर्धेत दोन परदेशी चालत होते. बेट्स आधी एनबीएत पोर्टलंडकडून खेळलेला, मनिलात त्याला ‘ब्लॅक सुपरमॅन’ म्हणत. अंतिम फेरीत मनिला बिअरला ४-१ ने हरवलं, तेव्हा जावॉर्स्की चाळीस वर्षांचे होते.

२००४ ते २००८ या काळात मार्क कागिओआ, जेजे हेल्टरब्रँड आणि एरिक मेंक यांच्या जोरावर चार करंडक आले. नंतर आठ वर्षं एकही नाही. खेळाडू नामांकित होते, सात फुटी ग्रेग स्लॉटरही होता, प्रशिक्षक मात्र बदलत राहिले. २०१५ मध्ये टिम कोन आले. २०१६ च्या गव्हर्नर्स कपसाठी आणलेला पॉल हॅरिस सुरुवातीलाच अंगठा दुखावून बाहेर गेला, आणि ऐनवेळी बोलावलेला बदली माणूस म्हणजे ब्राउनली.

१९ ऑक्टोबर २०१६, मेराल्कोविरुद्ध अंतिम फेरीचा सहावा सामना, हिनेब्रा ३-२ ने पुढे. गुण ८८-८८. चेंडू ब्राउनलीकडे आहे आणि घाई कसलीच नाही. तो घड्याळ खाली जाऊ देतो. समोर मेराल्कोचा इम्पोर्ट अ‍ॅलन ड्युरम, अंगाने भक्कम, आत घुसायला जागा देणार नाही हे उघड. म्हणून ब्राउनली आत जातच नाही, तीन गुणांच्या रेषेबाहेरच उडी मारून ड्युरमच्या हातावरून चेंडू सोडतो. चेंडू हवेत असताना भोंगा वाजतो. ९१-८८. बरोबरी असल्यामुळे चुकला असता तरी जादा वेळ मिळणारच होता. लांबून मारण्याचा धोका पत्करता आला तो त्यामुळे, हा हिशेब बघणाऱ्याच्या पटकन ध्यानात येत नाही.

ब्राउनली एका स्पर्धेपुरता आला आणि राहिला. त्याच्यासह हिनेब्राने सहा विजेतेपदं घेतली. २०१७ चा मेराल्कोविरुद्धचा सातवा सामना बुलाकान प्रांतातल्या बोकावे इथल्या फिलिपिन अरिनात झाला, तिथे ५४,०८६ प्रेक्षक होते. १५ जानेवारी २०२३ ला हाँगकाँगच्या बे एरिया ड्रॅगन्सविरुद्ध त्याच जागी ५४,५८९. त्याच महिन्यात कायदा करून ब्राउनलीला फिलिपिन्सचं नागरिकत्व दिलं. हांगझोऊच्या ज्या आशियाई खेळांत भारताने १०७ पदकं मिळवली, त्याच खेळांत ६ ऑक्टोबर २०२३ ला फिलिपिन्सने जॉर्डनला ७०-६० ने हरवून १९६२ नंतरचं पहिलं बास्केटबॉल सुवर्ण घेतलं. संघात ब्राउनली, बाकावर प्रशिक्षक टिम कोन. पीबीएत मात्र तो अजूनही इम्पोर्टच धरला जातो. देशाचा नागरिक, लीगसाठी परदेशी.

प्रश्न : कोन यांचा ‘त्रिकोण’ डाव थोडक्यात समजवाल का? शाळेच्या संघाला शिकवायचा आहे. (सातारा)

उत्तर : एका बाजूला तीन खेळाडू : एक कोपऱ्यात, एक बाजूच्या रेषेलगत, एक रिंगजवळ पाठ करून. दोघांमधलं अंतर पंधरा ते अठरा फूट. उरलेले दोघे दुसऱ्या बाजूला. चेंडू रिंगजवळच्याला दिला की देणारा लगेच त्याच्या अंगाजवळून कापून पुढे जातो. पुढचा पास ठरलेला नसतो, बचाव करणारा कुठे उभा आहे ते बघून ठरतो. शाळकरी मुलांकडून दोन चुका होतात : अंतर आवळून सगळे चेंडूकडे धावतात, आणि पास दिल्यावर उभे राहतात. जमिनीवर खडूने पाच खुणा करा आणि पहिले काही दिवस बास्केट न करता नुसते पास करून घ्या. हिनेब्रात स्कॉटी थॉम्पसन सहा फूट एक इंचाचा गार्ड असूनही एवढे रीबाउंड (हुकून परत आलेले चेंडू) घेतो, त्यात त्याच्या उडीइतकाच वाटा चेंडू कुठे पडणार हे आधी ओळखून जागा धरण्याचा आहे. तेही खडूच्या खुणांवर शिकवता येतं.

प्रश्न : एकूण विजेतेपदं किती? हा लीगचा सर्वांत यशस्वी संघ म्हणायचा का? (नागपूर)

उत्तर : जानेवारी २०२३ चं पंधरावं. सर्वांत यशस्वी मात्र नाही, तो मान सान मिगेल बिअरमेनचा. एकाच मोसमातल्या तिन्ही स्पर्धा जिंकणं, म्हणजे ग्रँड स्लॅम, क्रिस्पाने दोनदा केलं (१९७६, १९८३), नंतर सान मिगेल (१९८९), अलास्का (१९९६) आणि सान मिग कॉफी (आजचा मॅग्नोलिया, २०१३-१४). शेवटचे दोन्ही कोन यांच्याच हाताखाली. हिनेब्राच्या नावावर एकही नाही. पंधरापैकी फक्त चार विजेतेपदं परदेशी खेळाडूविना मिळवलेली : १९८८, २००४-०५, २००६-०७ आणि २०२०. टीकाकार नेमकं यावर बोट ठेवतात आणि त्यांचं चुकत नाही. त्यातलं २०२० चं कोविडमुळे क्लार्कमध्ये सगळ्या संघांना एकत्र कोंडून खेळवलेल्या स्पर्धेतलं, रिकाम्या खुर्च्यांपुढे जिंकलेलं. ज्या संघाची सगळी ओळख गर्दीत आहे त्याच्यासाठी हे जरा विचित्रच.

प्रश्न : डिसेंबरात मनिलाला जाणार आहे. एकच सामना बघायचा तर कोणता? (मुंबई)

उत्तर : २५ डिसेंबरला हिनेब्रा विरुद्ध मॅग्नोलिया आहे का ते आधी बघा. याला ‘मनिला क्लासिको’ म्हणतात, आणि नाताळच्या संध्याकाळी तो ठेवण्याची प्रथा आहे. वैराची सुरुवात १९८८ ची, मॅग्नोलिया तेव्हा प्युअरफूड्स होता. वेळापत्रक लीग बदलते, म्हणून तिकीट घेतल्यावरही पुन्हा तपासा. केसोन सिटीतल्या कुबाओचं आरानेता कोलिझियम मिळालं तर उत्तम. रेल्वे स्थानक शेजारीच आहे. खालच्या महागड्या खुर्च्या घेऊ नका. गोंगाट वरच्या स्वस्त जागांवर असतो, आणि बास्केटबॉलचे डाव वरूनच नीट दिसतात. घरून बघणार असाल तर मनिलाचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे : तिथला साडेसातचा सामना आपल्याकडे पाचला सुरू होतो.